इमारत विकायची, भाडेकरूंचे काय?

मंचरहून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता घोडेगाव, शिनोली करत डिंभ्याला येतो. या रस्त्याच्या कडेला एका ठरावीक घडणीच्या इमारती दिसतात. खाली शटरचे गाळे, वर एका ओळीत खोल्या, गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या. गाळ्यांत किराणा, मेडिकल, खते-औषधांचे दुकान, एखादी पतसंस्था. वरच्या खोल्यांत शिक्षक, नर्स, वायरमन, घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात बदलून आलेला कर्मचारी. अवसरीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले आणि त्या बाजूला विद्यार्थ्यांच्या खोल्या वाढल्या. नारायणगावात टोमॅटोच्या हंगामात परप्रांतातले व्यापारी येऊन राहतात. शेतीतून, मुंबईच्या कमाईतून किंवा निवृत्तीच्या पैशातून अशा इमारती उभ्या राहिल्या, त्या म्हातारपणाचा आधार म्हणून.

बांधणारी पिढी आता थकली आहे. मुले पुण्यात, चाकणला, मुंबईत. भावाभावांत वाटणी करायची असते, दवाखान्याचा खर्च निघतो किंवा इमारतीकडे बघायला कोणी उरत नाही. मग इमारत विकायला काढतात आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो : भाडेकरूसह विकायची की रिकामी करून?

दलालाचे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते : ‘आधी भाडेकरू उठवा, मग बोला.’ सरसकट दिलेला हा सल्ला चुकीचा आहे. भाडेकरू असणे हा मिळकतीतला दोष नव्हे. तो कोणत्या कागदावर बसला आहे, त्यावर किंमत ठरते आणि तो कागद इमारत विकताना नव्हे, भाडेकरू ठेवताना लिहिला जातो. कायदा, बाजार, जमिनीची कागदपत्रे आणि माणुसकी या सगळ्या बाजूंनी हा प्रश्न एकत्र पाहिला, तर घाईने रिकामी केलेली इमारत पुष्कळदा मालकालाच महाग पडते असे दिसते.

भीती कुठून आली

आपल्या भागात भाडेकरूची धास्ती दोन वाटांनी आली. पहिली वाट कूळकायद्याची. १९४८ च्या कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांना मिळाल्या, अशी दोन्हीकडची घरे आंबेगाव-जुन्नरमध्ये आहेत. त्यामुळे खोली भाड्याने दिली तरी ‘कूळ लागेल’ असे आजही म्हटले जाते. वास्तविक कूळकायदा शेतजमिनीचा आहे. घराच्या किंवा गाळ्याच्या भाडेकरूला त्यातून मालकी मिळत नाही. ‘बारा वर्षे राहिला की मालक होतो’ हाही असाच गैरसमज. बारा वर्षांचा नियम मालकाचा हक्क झुगारून उघडपणे घेतलेल्या ताब्यासाठी आहे. मालकाच्या परवानगीने भाडे देऊन राहणाऱ्याचा ताबा तसा ठरत नाही.

दुसरी वाट मुंबईची. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतली माणसे माथाडी म्हणून, डबेवाले म्हणून, गिरणीत कामगार म्हणून मुंबईला गेली. डिंभ्याच्या जलाशयाला ज्यांचे नाव आहे ते हुतात्मा बाबू गेनूही महाळुंगे पडवळचे, गिरणीत काम करणारे. मुंबईत ही माणसे चाळीतले भाडेकरू होती, त्यामुळे भाडे नियंत्रणाचा कायदा त्यांनी भाडेकरूच्या बाजूने अनुभवला. मुंबईत भाड्यावर पहिले निर्बंध पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये आले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी साधारण १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे जागा वापरण्याच्या नुसत्या परवानगीने, राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. तात्पुरते म्हणून ठेवलेले लोक एका दुरुस्तीने कायमचे झाले. अकरा महिन्यांच्या करारावरही मालकांचा विश्वास उरला नाही, त्याचे मूळ या तारखेत आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भाडे वर्षानुवर्षे गोठवून ठेवणारी तरतूद काळाच्या ओघात अन्याय्य झाली आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्याने कायम ठेवले, पण भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला दिली. भाडे ३०० रुपये असेल तर ही वाढ वर्षाला १२ रुपये होते. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला जुना भाडेकरू आणि नव्या करारावरचा भाडेकरू यांच्यातली दरी एवढ्यावरूनही कळते.

भाडेकरू एकाच प्रकारचे नसतात

विक्रीची बोलणी ‘दहा भाडेकरू आहेत’ या वाक्याने सुरू होतात, तेव्हा निम्मी माहिती राहून गेलेली असते. दहा भाडेकरू चार निरनिराळ्या कागदांवर बसलेले असू शकतात.

पहिला नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवरचा. १९९९ च्या कायद्याने असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठे नुकसान असे, की वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपूनही ती सोडली नाही, तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. पण ही जवळची वाट फक्त राहत्या जागेसाठी आहे. गाळ्याच्या मालकाला नेहमीच्या न्यायालयाची पायरी चढावी लागते. गाळे आणि खोल्या एकाच इमारतीत असतात म्हणून हा फरक सहज निसटतो.

दुसरा तोंडी बोलीवरचा किंवा शंभर-पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून ठेवलेला. गावाकडे हाच प्रकार सर्वांत जास्त. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला’ ही समजूत मालमत्ता हस्तांतरण कायद्यातून आली. त्या कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या ठिकाणी ही पळवाट चालत नाही. ग्रामीण भागात नोंदणीची फी ५०० रुपये आहे आणि मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का. एवढा खर्च वाचवताना लाखांची मिळकत वादात टाकली जाते.

तिसरा जुना संरक्षित भाडेकरू, पागडी देऊन बसलेला किंवा वडिलांच्या काळापासूनचा. जुन्नरसारख्या जुन्या बाजारपेठेच्या गावात असे भाडेकरू भेटतात. भाडे देत राहील तोवर कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय त्याला काढता येत नाही आणि त्याच्या मागे त्याच्याबरोबर राहणारे कुटुंबीयही हक्क सांगू शकतात.

चौथा संस्थात्मक भाडेकरू. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना १९९९ च्या कायद्याचे संरक्षण नाही. खरेदीदाराला असा भाडेकरू आवडतो : भाडे वेळेवर येते आणि करार संपल्यावर जागा परत मागता येते. मात्र इथे ‘बँक’ म्हणजे स्टेट बँक, राष्ट्रीयीकृत आणि अनुसूचित बँका. गावातली पतसंस्था या यादीत येत नाही.

याच्याही आधीचा एक मुद्दा आहे. १९९९ चा कायदा महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला आपोआप लागू नाही. तो त्याच्या अनुसूचीत दिलेल्या आणि अधिसूचनेने जोडलेल्या क्षेत्रांना लागू होतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीतली इमारत असेल तर वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा : आपले गाव अनुसूचीत आहे का? नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ लागू पडतो. त्यात महिनेमहाल भाडेपट्टा पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. पण तिथेही नोटीस म्हणजे ताबा नव्हे. भाडेकरू निघाला नाही तर मालकाला दावाच लावावा लागतो.

भाडेकरूसह विकताना

भाडेकरू असलेली इमारत विकायला भाडेकरूची परवानगी लागत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे विक्री झाली की नवा मालक जुन्याच्या जागी येतो. त्याला भाडे घेण्याचा हक्क मिळतो आणि भाडेपट्ट्यातली बंधनेही त्याच्यावर येतात. थकलेल्या भाड्याचा हक्क मात्र, वेगळे ठरवले नसेल तर, जुन्या मालकाकडेच राहतो. विक्री झाल्याचे भाडेकरूला माहीत नसेल आणि त्याने जुन्या मालकाला भाडे दिले, तर नवा मालक तेच भाडे पुन्हा मागू शकत नाही.

लिव्ह अँड लायसन्सचे तसे नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे, परवानगी देणाऱ्याने मिळकत विकली तर नवा मालक केवळ खरेदीमुळे त्या परवानगीने बांधला जात नाही. करार सुरू आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला हे सहसा माहीत नसते. उलट बाजूने नव्या मालकालाही अडचण आहे. कलम २४ च्या जलद मार्गासाठी ‘मालक’ कोण हे सांगताना कायद्याने मृत्यूमुळे वारसाने आलेला मालक स्पष्ट लिहिला आहे, खरेदीने आलेला लिहिलेला नाही. म्हणून खरेदीखत झाल्याबरोबर नव्या मालकाच्या नावाने नवा नोंदणीकृत करार करणे दोघांच्याही हिताचे आहे.

हिशेब एका कल्पित उदाहरणाने पाहू. चार गाळे, प्रत्येकी ६,००० रुपये भाडे. सहा खोल्या, प्रत्येकी ३,०००. महिन्याला ४२,००० आणि वर्षाला ५,०४,००० रुपये झाले. घरपट्टी, रंग, गळती, मोटारीची दुरुस्ती आणि मधले रिकामे महिने धरून १,०४,००० वजा केले तर हाती ४ लाख राहतात. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला वर्षाला ५ टक्के उत्पन्न हवे असेल तर तो ८० लाखांपर्यंत जाईल. ४ टक्क्यांवर समाधानी असेल तर १ कोटीपर्यंत. आता या चार गाळ्यांपैकी एकात ३०० रुपये भाड्याचा जुना संरक्षित भाडेकरू आहे असे धरा. वर्षाचे उत्पन्न ६८,४०० रुपयांनी घटते आणि ५ टक्क्यांच्या हिशेबाने किंमत १३ लाख ६८ हजारांनी खाली येते. बाकीच्या नऊ जणांमुळे मात्र एक रुपयाही कमी होत नाही. उलट त्यांचे नियमित भाडे हाच किमतीचा आधार असतो. ‘भाडेकरूंमुळे भाव पडतो’ हे वाक्य त्या एका गाळ्याला लागू आहे, अख्ख्या इमारतीला नाही.

याच इमारतीत दर गाळ्याचे ५०,००० आणि दर खोलीचे १०,००० डिपॉझिट असेल तर एकूण २ लाख ६० हजार होतात. हे पैसे मालकाने कधीच खर्च केलेले असतात, पण ते देणे आहे. खरेदीच्या किमतीतून ते वळते करून, ‘अमुक भाडेकरूचे अमुक डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी खरेदीदाराने घेतली’ असे खरेदीखतात नावानिशी लिहावे. ते लिहिले नाही तर भाडेकरूची जुन्या आणि नव्या मालकाच्या दारी फरफट होते आणि आपल्याकडचे कितीतरी वाद इथूनच पेटतात.

खरेदीदाराने एक गोष्ट कधीही टाळू नये : प्रत्येक भाडेकरूला स्वतः भेटणे. प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाचा जो काही हक्क असेल तो खरेदीदाराला ठाऊक होता, असेच कायदा धरतो. ‘मला कुणी सांगितले नाही’ ही सबब चालत नाही. भाडेकरूकडून साध्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : कधीपासून आहे, भाडे किती आणि कुठपर्यंत दिले, डिपॉझिट किती, मालकाशी दुसरी कसली बोली आहे का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ‘पुढचे शेड मी स्वतःच्या खर्चाने टाकले, ते भाड्यातून वळते व्हायचे आहे’ अशी गोष्ट मालकाच्या तोंडून कळत नाही, भाडेकरूच्या तोंडूनच कळते.

रिकामी करून विकताना

रिकामी इमारत चांगला भाव आणते ती ठरावीक गिऱ्हाइकाकडून. ज्याला स्वतःचा दवाखाना काढायचा आहे, ज्याला तिथे राहायचे आहे किंवा ज्याला जुने पाडून नवे बांधायचे आहे, तो रिकाम्या जागेला जास्त पैसे मोजेल. असे गिऱ्हाईक समोर बसलेले नसताना इमारत रिकामी करणे हा जुगार आहे. वरच्या उदाहरणात सहा महिने इमारत पडून राहिली तर २ लाख ५२ हजारांचे भाडे जाते, डिपॉझिटचे २ लाख ६० हजार रोख उभे करावे लागतात आणि कुलूपबंद खोल्यांची डागडुजी वेगळीच.

कायद्याची अडचण त्याहून मोठी. १९९९ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये ताबा मागण्याची कारणे दिली आहेत : अटींचा भंग, विनापरवाना पक्के बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, पोटभाडेकरू ठेवणे, मालकाची खरी गरज, सहा महिने जागा न वापरणे आणि आणखी काही. ‘मला विकायची आहे’ हे कारण त्यात नाही. स्वतःची गरज दाखवून ताबा मागितला तरी न्यायालय दोघांची अडचण तोलून पाहते. असा ताबा घेऊन ठरल्या मुदतीत जागा वापरली नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू ती परत मागू शकतो. भाडे थकले असेल तरी लेखी मागणीनंतर ९० दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही.

म्हणून मग आडवाटा निघतात. नळाचे पाणी तोडायचे, जिन्यातला दिवा काढायचा, मोटार बंद ठेवायची, एखाद्या रात्री कुलूप बदलायचे. हे सगळे बेकायदा आहे. पाणी, वीज, जिन्यातला उजेड, स्वच्छता यांसारख्या आवश्यक सोयी तोडायला याच कायद्याचे कलम २९ मनाई करते. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न येतच नाही, ताबा कोणाचा होता एवढेच पाहतात. आणि दावा सुरू असताना घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली असते. आडवाटेने रिकामी केलेली इमारत वादासकट विकली जाते.

मग सरळ वाट कोणती? बोलणी. डिंभ्याच्या जलाशयात ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुने आंबेगाव बुडाले. घर सोडून जाणे म्हणजे काय, हे या खोऱ्यातल्या माणसांना सांगावे लागत नाही. इथल्या मालकाने तरी भाडेकरूला शेवटच्या दिवशी तोंडी निरोप पाठवू नये. शिक्षकाची मुले शाळेत आहेत तोवर, म्हणजे परीक्षा होईपर्यंत, त्याला उठवू नये. बदल्या आणि नवे शालेय वर्ष यांच्या मधला मे महिना सगळ्यांना सोयीचा असतो. दुकानदाराला उधारी वसूल करायला आणि गिऱ्हाइकांना नवा पत्ता सांगायला चार-सहा महिने द्यावेत. डिपॉझिट चावी घेतानाच परत द्यावे, ‘नंतर बघू’ म्हणू नये. जागा सोडण्याबद्दल काही रक्कम ठरली तर ती बँकेतून द्यावी आणि ताबा सोडल्याचा लेख दोन साक्षीदारांसमोर करावा. भाडेहक्क सोडण्याबद्दल मिळालेली रक्कम भाडेकरूच्या हाती भांडवली नफा म्हणून करपात्र असते, हेही त्याला आधी सांगावे.

तिसरी वाट : भाडेकरूलाच विकणे

दोन पर्यायांच्या वादात हा तिसरा पर्याय राहून जातो. वीस वर्षे एकाच गाळ्यात दुकान चालवणाऱ्याला त्या गाळ्याची जी किंमत वाटते ती बाहेरच्याला वाटणार नाही. त्याच्याबाबत ताब्याचा प्रश्नच उरत नाही. सामान्य भाडेकरूला कायद्याने पहिला हक्क नसला तरी मालकाने पहिली विचारणा त्याच्याकडे करण्यात शहाणपण आहे आणि सौजन्यही. अडचण येते ती इमारतीचे तुकडे करून विकताना. एका गाळ्याची मालकी देताना खालची जमीन, जिना, गच्ची, पाण्याची टाकी यांतला हिस्सा स्पष्ट करावा लागतो. चार दुकानदारांनी एकत्र येऊन अविभक्त हिश्श्याने घेतले तरी कोणाचा ताबा कशावर, हे नकाशासह लिहावे.

मुंबईत हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर पुढे आला. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले गेले. उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादन करून संस्थेला देण्याची ती तरतूद होती. मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले आणि त्या वादातून निघालेला घटनात्मक प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निकाल आला, की प्रत्येक खासगी मिळकत ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. गोठलेल्या भाड्याची शंभरपट म्हणजे मालकाच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नाही, आणि गळक्या छताखाली राहणाऱ्या कुटुंबाला तोच जगण्याचा आधार. सुरुवातीचा कागद आणि भाडे चुकले की तीन पिढ्यांनी ते कसे निस्तरायचे, हे या प्रकरणातून दिसते.

आपल्या भागाची खास गुंतागुंत : खालची जमीन

डिंभे परिसरात भाडेकरूंपेक्षा जमीन जास्त अडवते. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा, कोणत्याही मार्गाने परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीआधी राज्य शासनाची मान्यताही लागते. अशा जमिनीवर इमारत असेल तर भाडेकरू आहेत की नाहीत हा प्रश्न फार नंतरचा. आदिवासींच्या हातून जमीन निसटू नये म्हणून हे संरक्षण आले आहे आणि ते पाळलेच पाहिजे.

धरणग्रस्त म्हणून मिळालेल्या जमिनी पुष्कळदा भोगवटादार वर्ग २ च्या असतात. त्यांच्या विक्रीलाही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. सातबारावर वर्ग कोणता, इतर हक्कात काय नोंद आहे, बिनशेती आदेश आहे का, हे इसार घेण्याआधी पाहावे.

गावठाणातल्या इमारतीचा सातबारा नसतो, तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे येतो. हा उतारा नीट वाचावा. त्यात मालकाच्या नावाचा रकाना असतो आणि भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा वेगळा. कधी तरी घरपट्टी भाडेकरूने भरली म्हणून भोगवट्याच्या रकान्यात त्याचे नाव चढलेले असते. विक्रीच्या वेळी खरेदीदार बिचकतो आणि भाडेकरूही त्या नोंदीवर बोट ठेवतो. हा उतारा कर आकारणीसाठी आहे. तेवढ्यावरून कोणी मालक ठरत नाही, मालक असलेल्याची मालकी जातही नाही. पण अशी नोंद विक्री काढण्याआधी दुरुस्त करून घेतलेली बरी. स्वामित्व योजनेतून ड्रोन मोजणीनंतर गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर ती पत्रिका हातात असावी.

आणि घरातले हिस्सेदार. २००५ च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. इमारत वारसाने आली असेल आणि एक वारस आपला हिस्सा बाहेरच्याला विकत असेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ खाली बाकीचे वारस तो आधी स्वतः घेण्याचा हक्क सांगू शकतात. भाडेकरूशी वर्षभर बोलणी करणारी कुटुंबे बहिणीशी मात्र शेवटच्या आठवड्यात बोलतात. हा क्रम बदलायला हवा.

कराचा हिशेब

दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या इमारतीचा नफा दीर्घकालीन धरला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे आणि महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. त्या तारखेआधी घेतलेल्या मिळकतीसाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तींना निर्देशांकासह २० टक्क्यांचा जुना हिशेबही करून पाहता येतो. जो कमी भरेल तो घ्यावा. नव्या घरात गुंतवणूक केली किंवा सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत पैसे ठेवले तर सूट मिळते. राहत्या भागाला आणि दुकानांच्या भागाला सवलतीचे नियम निरनिराळे आहेत. म्हणून खाली गाळे, वर खोल्या अशा इमारतीत दोन्ही भागांची किंमत खरेदीखतात वेगळी दाखवण्याचा विचार सल्लागाराशी बोलून करावा. व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो. इसार वीस हजार किंवा त्याहून जास्त असेल तर तो रोखीत घेऊ नये. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरची किंमत आणि प्रत्यक्ष किंमत यांपैकी जास्त असेल त्यावर लागते. भाडेकरूव्याप्त मिळकतीच्या मूल्यांकनासाठी मार्गदर्शक सूचनांत वेगळे नियम आहेत, तेव्हा संरक्षित भाडेकरू असतील तर दुय्यम निबंधकाकडे भाडेपावत्या घेऊनच जावे.

इतर देशांनी काय केले

जर्मनीत विक्रीने भाडेकरार मोडत नाही, हे तत्त्व नागरी संहितेतच आहे. घर विकले तरी भाडेकरू जुन्याच अटींवर राहतो. इमारतीचे स्वतंत्र फ्लॅट पाडून ते विकायला काढले तर तिथे राहणाऱ्या भाडेकरूला विकत घेण्याचा पहिला हक्क असतो. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराने १९८० मध्ये भाडेकरूंना इमारत विकत घेण्याची पहिली संधी देणारा कायदा केला. इंग्लंडच्या २०२५ च्या कायद्याने विनाकारण घर सोडायला लावण्याची पद्धत मोडीत काढली, पण विक्री हे मान्य कारण ठरवले. त्यासाठी चार महिन्यांची नोटीस लागते, भाडेकरूच्या पहिल्या वर्षात हे कारण वापरता येत नाही आणि विक्री झाली नाही तरी पुढचे वर्षभर घर पुन्हा भाड्याने देता येत नाही.

आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घराला दोन आणि इतर जागांना सहा महिन्यांच्या भाड्याइतकी डिपॉझिटची मर्यादा आहे. पण तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. इंग्लंडच्या तरतुदीतून आपण घ्यावा असा विचार म्हणजे विक्रीला कायद्यात उघड जागा देणे आणि तिच्या बदल्यात भाडेकरूला पुरेसा वेळ आणि खोटेपणाविरुद्ध संरक्षण देणे. आज ‘विकायची आहे’ हे कारणच नसल्यामुळे प्रामाणिक मालकही खोट्या गरजेचा दावा लावतो आणि दोन्ही बाजू वर्षानुवर्षे कोर्टात झिजतात.

तर मग काय करावे

आधी जमिनीचा वर्ग आणि हिस्सेदारांची संमती. मग प्रत्येक भाडेकरूचा कागद तपासून यादी : नाव, जागा, करार, भाडे, डिपॉझिट, मुदत. नोंदणी नसलेले करार विक्री काढण्याआधीच नोंदवून घ्यावेत. यादीत सगळे नोंदणीकृत आणि बाजारभावाने भाडे देणारे असतील तर इमारत भाडेकरूसह, चालू उत्पन्नासह विकावी. गिऱ्हाईक कमी भेटतील, पण भाडे सुरू राहील आणि थांबण्याची ताकद राहील. जुना संरक्षित भाडेकरू असेल तर पहिली बोलणी त्याच्याशी, तोच घेतो का यासाठी. स्वतः वापरणारे किंवा नवे बांधणारे गिऱ्हाईक आले तर साठेखत आणि इसार झाल्यावर, ताब्याची तारीख ठरवून, भाडेकरूंना लेखी मुदत देऊन इमारत रिकामी करावी, त्याआधी नाही. जे भाडेकरू जायला तयार नसतील त्यांचा उल्लेख साठेखतात उघड करावा आणि किमतीत धरावा.

आणि कोणताही पर्याय निवडला तरी विक्रीची बातमी भाडेकरूला मालकाच्या तोंडून कळावी, दलालाच्या नव्हे. ज्यांच्या भाड्यावर कर्जाचे हप्ते फिटले, मुलींची लग्ने झाली, म्हातारपणाची औषधे आली, त्यांचा तेवढा मान आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही तेच फायद्याचे आहे. विश्वासात घेतलेला भाडेकरू नव्या गिऱ्हाइकाला जागा दाखवतो, खरे भाडे सांगतो आणि ठरल्या दिवशी चावी देतो. लपवून ठेवलेल्या भाडेकरूचा वकील मात्र खरेदीदाराला इसार दिल्यानंतर भेटतो.

ज्यांना इमारत आज विकायची नाही त्यांच्यासाठीही हा आढावा आहे. यंदा जूनमध्ये जो नवा शिक्षक खोली मागायला येईल, त्याच्याशी नोंदणीकृत करार करावा, भाड्याची पावती द्यावी, डिपॉझिटची नोंद ठेवावी आणि इमारत विकली गेली तर त्याला किती मुदत मिळेल ही अट त्याच करारात लिहावी. दहा वर्षांनी इमारत विकताना भाडेकरूसह की रिकामी याचे उत्तर शोधावे लागणार नाही, ते त्या करारात लिहिलेले असेल.